सुकलेल्या कुंडीला झारी की घमेलं?

नऊ दिवस घर बंद होतं. निघायच्या सकाळी जास्वंद आणि मोगरा दोघांनाही भरपूर पाणी घातलं होतं, पण मधल्या दिवसांसाठी कुणाला सांगायचं राहूनच गेलं. परत आलो तर जास्वंदीची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि मोगऱ्याखाली कळ्यांचा सडा पडला होता. दोन्ही कुंड्या प्लॅस्टिकच्या, दहा इंची, मिश्रणही एकच: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त, कंपोस्ट थोडं. म्हटलं, एवीतेवी वाट लागलीच आहे, तर जास्वंदीला वरून झारीनं पाणी देऊ आणि मोगऱ्याला पाण्यात बसवू. बघू कोण आधी डोकं वर काढतं. त्यानंतर हा प्रसंग माझ्यावर आणखी चार-पाच वेळा आला आहे (यात मिरवण्यासारखं काही नाही), त्यामुळे माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. तुमची माती वेगळी असेल तर तुमचं मत वेगळं होऊ शकतं, हे आधीच मान्य.

दोन्हींच्या आधी एक काम करा. बोट दोन पेरं मातीत घाला. मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतं, कारण कुजक्या मुळांना पाणी ओढता येत नाही. आत ओल लागली तर झारी आणि घमेलं दोन्ही लांब ठेवा, तो आजार निराळा.

झारीची बाजू तशी भक्कम आहे. कुंडी हलवावी लागत नाही, पसारा होत नाही, आणि वरून गेलेलं पाणी मातीत साठलेले क्षार खाली धुऊन नेतं. घमेल्यात उलट होतं, पाणी खालून वर चढतं आणि क्षारही वर आणतं. झारीनं द्यायचं तर एका दमात ओतायचं नाही. थोडं पाणी, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा थोडं, अशा चार-पाच फेऱ्या. ठणठणीत कोरडी माती पाणी झटकून टाकते, पण एकदा दमट झाली की पुढचं पाणी मुकाट्यानं घेते. सगळं बरोबर आहे. माझं बिनसलं ते ताटलीवरून.

कोकोपीट असो की चिकण माती, पूर्ण वाळली की आकसते. मुळांसकट सगळा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटतो आणि भोवती फट पडते, कधी नखाएवढी, कधी बोट जाईल एवढी. झारीतलं पाणी गोळ्यात मुरण्याऐवजी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, भोकातून बाहेर येतं आणि ताटली भरते. ताटली भरली म्हणजे झाड पोटभर प्यालं, अशी आपली समजूत. मी जास्वंदीला तीन दिवस असं ‘पाणी’ दिलं, तेही फेऱ्या करत, घड्याळ लावून. पानं वर येईनात. चौथ्या दिवशी वैतागून खुरपीनं उकरलं, तर वरचा बोटभर थर ओला आणि त्याखाली कोरडा भुगा. म्हणजे तीन दिवस मी ताटलीला पाणी घालत होतो. कोकोपीट इतर काही मिश्रणांपेक्षा लवकर भिजतं असं सांगतात आणि ते खरंही आहे, पण फट पडल्यावर भिजायला पाणी आत थांबायला तर हवं.

फट माती दाबून बुजवता येते. पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब टाकला तर कोरड्या मातीत ते लवकर शिरतं. कोमट पाण्याचाही उपयोग होतो. हे सगळं मी नंतर करून पाहिलं आणि फरक पडला. पण प्रत्येक वेळी खाली ताटली दिसली की शंका येतेच: हे पाणी आतून आलं की कडेनं?

घमेल्यात ही शंका उरत नाही. पहिल्यांदा मी मोगऱ्याची कुंडी बादलीत पूर्ण बुडवायला गेलो. वाळलेली कुंडी इतकी हलकी असते की ती होडीसारखी आडवी झाली आणि वरचं कोकोपीट बादलीभर तरंगायला लागलं. तेव्हापासून बुडवत नाही, बसवतो. घमेल्यात कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी, त्यात कुंडी, तरंगायला लागली तर आधाराला एखादी वीट. अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला बुडबुडे येतात, मातीतली हवा पाण्याला जागा करून देत असते. वरची माती गडद झाली, हात लावल्यावर ओली लागली की झालं. मग उचलून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे काही मोजायला नको, मनगटच सांगतं. नंतर अर्धा तास निथळू द्यायची, ताटलीत उभी करायची नाही.

मोगऱ्याचे शेंडे त्याच संध्याकाळी उभे राहिले. जास्वंद सातव्या दिवशी सावरली, तीही निम्मी पानं गाळून.

आता कुणी म्हणेल, झाडं वेगळी, जास्वंदीची पानं मोठी, त्यांतून पाणी जास्त उडतं, तुलना बरोबरीची नाही. रास्त आहे. पण १९१२ मध्ये ब्रिग्ज आणि शांट्झ या अमेरिकी संशोधकांनी नानाविध झाडांची रोपं कोमेजवून पाहिली होती. त्यांना आढळलं ते असं, की एकाच मातीत वेगवेगळी झाडं जवळपास सारख्याच ओलीला माना टाकतात, मोठा फरक पडतो तो माती बदलली की. त्यामुळे माझा संशय झाडापेक्षा मातीवर जास्त आहे. तरी खात्रीसाठी पुढच्या खेपेला दोन जरबेरे सापडले (म्हणजे मीच विसरलो होतो), एका वयाचे, सारख्या कुंडीतले. घमेल्यातला रात्रीपर्यंत ताठ झाला, झारीवाल्याला दोन दिवस लागले. दोघेही वाचले, हेही सांगायला हवं.

घमेल्याच्या तक्रारी माझ्याकडेही आहेत. भिजलेली कुंडी उचलताना पाठ बोलते. मातीच्या मोठ्या कुंडीला तर हा उपाय नाहीच. तिथे विणकामाच्या सुईनं गोळ्यात सात-आठ भोकं पाडायची आणि झारीच्या फेऱ्या करायच्या. एका कुंडीचं पाणी दुसरीला वापरायचं नाही, एकीच्या मुळांचा रोग दुसरीला जातो. अडेनियमला मी कधीच बसवत नाही. त्याच्या फुगीर खोडात पाण्याची सोय असते आणि एवढ्या पाण्यात ते सडायचीच भीती जास्त.

आणि एक गुलाब मी घमेल्यामुळे घालवला. खरं तर घमेल्यामुळे नाही, नंतरच्या उत्साहामुळे. पाणी न मिळाल्यानं तंतुमुळं आधी मरतात, त्यामुळे वाचलेलं झाड पूर्वीएवढं पाणी पिऊ शकत नाही. मी मात्र अपराधी भावनेनं त्याला रोज पाणी देत राहिलो. माती ओलीच राहिली, उरलीसुरली मुळं कुजली. एकदा नीट भिजवलं की वरचा थर वाळेपर्यंत हात आवरायचा. झारीवाल्यांना हा धोका जरा कमी, कारण त्यांची माती मुळात एवढी भिजतच नाही.

कुंडी बदलणं हा तिसरा मार्ग बरेच जण सुचवतात. मी आत्ता तरी नको म्हणेन. जी थोडी मुळं जिवंत आहेत तीही त्यात तुटतात. नवी पालवी नीट धरेपर्यंत थांबलेलं बरं.

बाकी दोन्हीकडे सारखंच. उन्हातून सावलीत आणायचं. उरलेली फुलं-कळ्या खुडून टाकायच्या, जीव लागतो पण झाडाला तो भार परवडत नाही. खत अजिबात नाही, वाळलेल्या मातीत क्षार आधीच दाटलेले असतात. छाटणीची घाई नको. वाळकी दिसणारी फांदी नखानं जरा खरवडा, आत हिरवं असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. माझ्या जास्वंदीची एक फांदी मी तिसऱ्या दिवशी कापली आणि कापलेल्या जागी हिरवं निघालं, ते अजून सलतं.

ती जास्वंद आहे अजून, एका बाजूला जरा कलती. पावसाळी हवेत तिला झारी पुरते. पण दोन-चार दिवस बाहेर जाऊन आलो आणि कडेला फट दिसली, की सरळ घमेलं काढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र मी केव्हाच काढून टाकल्या, फरशीवर डाग पडतात ते पडोत.