पीटीएसडीसाठी प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर थेरपी घेतली, आठ महिन्यांनी लिहितोय

पीटीएसडी म्हणजे एखाद्या भयंकर प्रसंगानंतर त्याची भीती मनात अडकून राहते तो आजार, आणि ह्या थेरपीत त्या आठवणीला न टाळता परत परत सामोरं जायचं. जानेवारीत सुरू केली, आता सप्टेंबर चाललाय. "नुसतं बोलून काय होतं रे" असं मला निदान दहा जणांनी विचारलंय, तर पहिलं हेच सांगतो की ही नुसतं बोलायची थेरपी नाहीये, घाम निघतो अक्षरशः.

झालं काय होतं तर दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री पावसात खंबाटकी घाट चढताना आमची गाडी रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर मागून आदळली. मी चालवत होतो, बाजूला माझा चुलतभाऊ. दादा गेला, माझा फक्त हात मोडला. नंतर दीड वर्ष स्टिअरिंगला हात नाही, पाऊस असला की झोप नाही, शेजारच्या गाडीचा वायपर ऐकला तरी छातीत धडधड, आणि वहिनींचा फोन आला की मी फोन उलटा ठेवायचो.

पहिल्यांदा ज्या काउन्सेलरकडे गेलो तिथे सहा वेळा "विसरून जा, पॉझिटिव्ह राहा, प्राणायाम करा" एवढंच ऐकलं, आणि एका डॉक्टरने झोपेची गोळी लावली ती वर्षभर चालू. नंतर कळलं की अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याची आणि संरक्षण खात्याची मिळून २०२३ ची जी गाइडलाइन आहे तिच्यात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे जातीच्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊच नका म्हणलंय. (चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका हां, माझी सायकियाट्रिस्टने हळूहळू कमी करत बंद केली.) त्याच गाइडलाइनमध्ये गोळ्यांच्या आधी तीन थेरप्या सांगितल्यात: प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) आणि ईएमडीआर. सीपीटीत साधारण १२ सेशन असतात, प्रसंग बारीकसारीक सांगावाच लागतो असं नाही, "माझ्यामुळेच झालं" असले अडकलेले विचार लिहून काढून तपासायचे. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटाबरोबर डोळे हलवायचे. मला माझ्या थेरपिस्ट मॅडमनी यादीतली पहिली, म्हणजे प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, सुचवली कारण मी सगळंच टाळत होतो, आणि टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण भीती काही मरत नाही.

तर आठवड्याला एक सेशन, ९० मिनिटं, माझी १४ झाली. डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, "मी गाडी चालवतोय, दादा शेंगा सोलतोय, वायपर फास्टवर आहे", संपला की परत पहिल्यापासून, आणि मधेमधे त्या विचारणार त्रास किती, ० ते १०० मध्ये आकडा सांगा. हे सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. खरं औषध हेच आहे बघा, आणि सगळ्यात नकोसंही हेच, मी दोनदा खोटं सांगितलं की ऐकलं म्हणून, मॅडमच्या लगेच लक्षात आलं. तिसऱ्या आठवड्यात स्वप्नं वाढली, बायको म्हणाली हे काय उपचार का छळ, मी सोडणारच होतो.

सातव्या सेशनला त्यांनी फक्त तो एक मिनिट पकडला, धडकेचाच, तोच परत परत. तेव्हा मी स्वतःच बोलून गेलो की ट्रकला टेललाइट नाहीये, रिफ्लेक्टर नाही, मागे दगड नाहीत की झाडाची फांदी नाही, आणि मी ब्रेक मारतोय. दीड वर्ष मी स्वतःला सांगत होतो की मला डुलकी लागली असणार. घरी ते रेकॉर्डिंग ऐकताना ब्रेक मारला होता हे स्वतःच्या आवाजात ऐकून खूप रडलो.

दुसरा भाग म्हणजे टाळलेल्या गोष्टींची यादी, आकडे लावून, कमी त्रासाच्या आधी. उभ्या गाडीत बसणं ३०, गावात चालवणं ५०, दिवसा घाट ७०. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. पावसात चालवायचं होतं पण एप्रिलात पाऊस आणायचा कुठून, म्हणून काचेवर पाणी मारून पार्किंगमध्ये पाऊण तास वायपर चालू ठेवून बसलो, वॉचमनला वाटलं ह्याचं डोकं फिरलं. खरा पाऊस जूनमध्ये मिळाला.

२० प्रश्नांचा एक फॉर्म असतो, पीसीएल-५, ८० पैकी स्कोअर, जितका जास्त तितका पीटीएसडीचा त्रास जास्त. माझा ५८ वरून १९ वर आलाय. झोप येते. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की दचकतो अजून.

तोटे म्हणाल तर खर्च. सेशनला दोन हजार, आणि माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही. शिवाय हे मराठीत करणारं माणूस शोधायलाच तीन महिने गेले, इंग्रजीत मी ते सांगूच शकलो नसतो, त्या रात्री गाडीत कोण इंग्रजी बोलत होतं? अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवरच विचारा की तुमचं ह्या तीनपैकी कशात ट्रेनिंग झालंय. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

यादीत सगळ्यात खाली ९५ ला वहिनींकडे जाऊन त्या ट्रकबद्दल सांगणं लिहिलंय. ते अजून झालेलं नाही. फोन मात्र उचलतो आता, दिवाळीत जाईन म्हणलंय.