जेपीजी की पीएनजी? वॉलपेपरसाठी कुठली फाइल लावायची

मराठी महिन्यांचं कॅलेंडर मी डेस्कटॉपवर लावलं होतं. लांबून झकास दिसायचं. जवळून पाहिलं, तर ‘श्रावण’च्या शिरोरेघेभोवती मळकट ठिपके, जणू ओल्या शाईवरून बोट फिरलंय. फाइल जेपीजी होती. मूळ डिझाइनमधून तेच चित्र पीएनजी करून घेतलं आणि अक्षरं लख्ख झाली. आधीच डागाळलेली जेपीजी पीएनजीत बदलून मात्र डाग जात नाहीत, मूळ फाइलच हवी.

जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील थोडाथोडा टाकून देतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो असेल, तर खडकात, गवतात ही चोरी पचून जाते. पांढऱ्यावर काळं अक्षर आलं की पकडली जाते. त्यातून रंगाची माहिती बहुतेकदा उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, म्हणून निळ्यावरचा लाल मजकूर तर हमखास फिसकटतो. पीएनजी काहीच टाकत नाही, पण त्यामुळे फोटो भरताना फुगतं. कोकणकडा जेपीजीत पाऊण एमबीत बसला, पीएनजीत चारच्या आसपास गेला, आणि शेजारी शेजारी लावून मला फरक दिसला नाही. तेव्हा फोटो असेल तर जेपीजी. अक्षरं, रेघा, नकाशा, सपाट रंग असतील तर डोळे मिटून पीएनजी.

याला एक अपवाद आहे. विंडोज 10 वॉलपेपर लावताना जेपीजीची स्वतःची प्रत बनवते, तीही 85 टक्के दर्जाची. संध्याकाळच्या आकाशात, जिथे केशरी हळूहळू जांभळ्यात उतरतो, तिथे मग पट्टे दिसू लागतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, हा आकडा 100 करता येतो, पण एका आकाशासाठी रजिस्ट्रीत हात घालण्यापेक्षा तो फोटो मूळ फाइलीवरून, स्क्रीनच्या मापाचा पीएनजी करून लावणं मला सोपं वाटतं.

बीएमपी या तिसऱ्या फाइलप्रकाराचा विचार सोडा. 1920 बाय 1080 चं चित्र त्यात 6.2 एमबी होतं आणि पदरात पीएनजीपेक्षा जास्त काही पडत नाही.

फाइल लागतच नसेल, तर बहुधा ती वेबपी किंवा एचईआयसी असते. वेबसाइटवरून उतरवलेली चित्रं पहिल्या प्रकारची, आयफोनचे फोटो दुसऱ्या. नावापुढे नुसतं ‘.जेपीजी’ लिहून काही होत नाही, आतला माल तोच राहतो. शंका आली तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा: कचऱ्यासारख्या अक्षरांत अगदी सुरुवातीलाच पीएनजी, जेएफआयएफ (म्हणजे जेपीजी) किंवा वेबपी ही इंग्रजी अक्षरं दिसतात. मग पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ने नवी फाइल करा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो थेट जेपीजीतच निघतात.

आणि चित्र सगळंच धूसर असेल, तर फॉरमॅटला दोष देऊ नका. मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला गडाचा फोटो मी चार प्रकारांत बदलून पाहिला, सगळे तितकेच धुरकट. पाठवतानाच तो आकसला होता. ‘तोच डॉक्युमेंट म्हणून पाठव रे’ म्हटलं, दोन मिनिटांत काम झालं.