कॅप्टर एक्स लोड बॉक्स: नाशिकच्या फ्लॅटमध्ये बरेच महिने वापरल्यानंतर

टू नोट्स कंपनीचा कॅप्टर एक्स, 8 ओहमवाला, मागच्या पावसाळ्याच्या आधीपासून वापरतोय. हा लोड बॉक्स, म्हणजे गिटार ॲम्पला स्पीकरच्या जागी जोडून आवाज न करता रेकॉर्ड करायचा डबा. ॲम्प फेंडर ब्लूज ज्युनियर, 15 वॉट, मागे दोन ईएल84 पॉवर ट्यूब. गंगापूर रोडला फ्लॅट, भिंतीला भिंत लागून शेजारी. ट्यूब ॲम्प घरात रेकॉर्ड करायचाय आणि लोड बॉक्स घ्यावा की नको यात अडकलेल्यांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण व्हिडिओत सगळे पहिल्या आठवड्याचं कौतुक सांगतात, नंतरचं फारसं कोणी बोलत नाही.

15 वॉट ऐकायला कमी वाटतात पण ट्यूबचे 15 वॉट दहा बाय दहाच्या खोलीत झेपत नाहीत. मास्टर (आवाजाचा मुख्य नॉब) दोनवर ठेवला तर आवाज कोरडा आणि चपटा. सहा-सातच्या पुढे गेलं की पॉवर ट्यूब दाबाखाली येतात, पिक जोरात मारली की सूर क्षणभर दबतो आणि मग फुलतो, ज्याच्यासाठी आपण एवढं धूड घरात आणलेलं असतं ते हेच! आणि नेमकं तेच सोसायटीत वाजवता येत नाही. त्यात नाशिक, म्हणजे गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी ढोल पथकांची प्रॅक्टिस. नाशिक ढोल मला जीव की प्राण आहे, पण ऑफिसवरून आल्यावर रेकॉर्डिंगला मिळणारे दोन तास तेवढेच असतात आणि खिडक्या लावल्या तरी तो ठोका माईकमध्ये उतरतोच. लोड बॉक्सवर माईकच नाही, त्यामुळे बाहेर काहीही चालू असो, टेकमध्ये फक्त गिटार.

काम कसं करतो ते थोडक्यात. ट्यूब ॲम्पला समोर स्पीकर किंवा तेवढाच लोड लागतोच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हा बॉक्स स्पीकरच्या जागी बसतो, 100 वॉटपर्यंत ताकद खातो आणि त्याची उष्णता करून टाकतो. रिॲक्टिव्ह आहे, म्हणजे ॲम्पला खऱ्या स्पीकरसारखा भासतो, हे महत्त्वाचं. खरा 8 ओहमचा स्पीकर सगळीकडे 8 ओहम नसतो, खाली 75 ते 100 हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजतात तो विरोध) चांगलाच उसळतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला परत चढत जातो, ॲम्प त्या चढउताराला प्रतिसाद देत असतो. नुसता रेझिस्टर लावला तर बोटांखालचा तो जिवंतपणा जातो. इथे तो बऱ्यापैकी टिकतो.

आता कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा भाग, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. लोड बॉक्समधून निघालेला कोरा सिग्नल एकदा ऐकाच, डिस्टॉर्शन असेल तर माशी बाटलीत कोंडल्यासारखा झ्झ्झ आवाज येतो. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापून टाकतो, ते कापणं म्हणजेच अर्धा टोन. बॉक्समध्ये 32 डिजिटल कॅबिनेट (थोडक्यात कॅब) येतात आणि टॉर्पिडो रिमोट नावाच्या ॲपमधून माईक स्पीकरसमोर सरकवता येतो. शुअर एसएम57 टाइपचा माईक कोनच्या मधोमध धरला तर आवाज टोचतो, तोच हळूहळू कडेला नेला की टोच जाते आणि लाकूड ऐकू यायला लागतं, बोटभर सरकवलं तरी फरक पडतो. एका मित्राच्या मराठी गाण्यासाठी कडव्यामागे क्लीन आर्पेजिओ वाजवायचे होते, ॲम्पच्या नॉबला हातही न लावता 1x12 ओपन बॅकवरून (12 इंची एक स्पीकर, मागून उघडी पेटी) 4x12 क्लोज्ड बॅकवर (तसे चार, मागून बंद) गेलो तर तोच टेक एकदम भरदार झाला, पण गायकाच्या आवाजावर चढायला लागला. परत 1x12 वर आलो, माईक थोडा लांब, आणि गाणं मोकळं झालं. ज्युनियरच्या छोट्याशा पेटीतून हे सगळं आधी शक्यच नव्हतं.

माझी पद्धत आता ठरून गेलीय. बॉक्समधली कॅब बंद, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये कोरा सिग्नल घ्यायचा आणि वाजवताना टू नोट्सच्याच वॉल ऑफ साउंड प्लगइनमधून कॅब लावून ऐकायचं. बफर 128 सॅम्पल, 48 किलोहर्ट्झवर त्याने होणारा उशीर तीन मिलिसेकंदाच्याही आत बसतो, इंटरफेसचं थोडं धरलं तरी वाजवताना अडत नाही. कॅब कुठली हे मिक्सच्या वेळी ठरवतो, बेस आणि ड्रम आले की पसंती बदलतेच. मग 90 हर्ट्झच्या खाली आणि 7 किलोहर्ट्झच्या वर कट. ॲम्पचा स्प्रिंग रिव्हर्ब मात्र शून्यावर ठेवा, तो कोऱ्या ट्रॅकमध्ये मुरला की नंतर काढता येत नाही. आणि शंभर आयआर (कॅब-माईकच्या आवाजाचे नमुने असलेल्या फाइल) डाउनलोड करून बसू नका, दोन-तीन कॅब निवडा आणि त्यांच्यावरच कान तयार करा. नवनवीन आयआर ऐकण्यात रात्र जाते आणि गाणं तिथेच राहतं.

एक फायदा कोणी सांगत नाही. कॉम्बोमध्ये, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतात तिथे, ट्यूब स्पीकरच्याच पेटीत हादरत असतात, जोरात वाजवलं की खुळखुळ येते. स्पीकर काढून लोड लावला की पेटी हलतच नाही, खुळखुळ गायब.

कमी काय पडतं तेही सांगतो. हेडफोनमध्ये स्पीकरची हवा अंगावर येत नाही आणि सूर धरून ठेवला की गिटार स्वतःहून जो गुंजायला लागतो तो फीडबॅक मिळत नाही, कारण तारांना हलवणारा आवाज खोलीत नसतोच. लीड वाजवताना हे जाणवतं, खूप जाणवतं. त्यासाठी बॉक्समध्ये ॲटेन्युएटर (स्पीकरला जाणारी ताकद कमी करणारा भाग) आहे, स्पीकरही जोडायचा, आवाज पाडायचा आणि रेकॉर्डिंग बॉक्समधूनच घ्यायचं. लीडला मी असंच करतो, निम्मी तरी मजा परत येते. सिंगल कॉइल पिकअपची घूं मात्र बॉक्स घालवत नाही, ती पिकअपमधूनच येते, मॉनिटरपासून तोंड फिरवून बसा.

बाकी काळजीच्या गोष्टी. ॲम्प ते बॉक्स स्पीकर केबलच वापरा, गिटारची बारीक केबल तिथे चालत नाही, तापते. आवाज नाही म्हणून ॲम्प निवांत आहे असं समजू नका, रात्री हेडफोन लावून मास्टर आठवर असेल तर ट्यूब तेवढ्याच राबतायत, त्या लवकर झिजणार. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बॉक्स कपाटात कोंबू नका, चारही बाजूंनी हवा लागू दे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मी रेकॉर्ड करत नाही, माझ्याकडच्या इन्व्हर्टरवर ॲम्पमधून भयंकर घरघर येते.

ज्यांच्याकडे ॲम्पच नाही त्यांनी याच्या नादी लागू नये, नुसतं प्लगइन घ्या, भागतं. पण ट्यूब ॲम्प घरात आहे आणि तो कायम दोनवरच वाजतोय अशांनी जरूर घ्यावा, मी तर परत घेईन. 8 आणि 16 ओहमचे कॅप्टर एक्स वेगवेगळे येतात, तेव्हा ऑर्डर करायच्या आधी ॲम्पच्या मागे स्पीकर आउटला काय लिहिलंय ते वाचा. कॉम्बो असेल आणि मागे काही लिहिलेलं नसेल तर स्पीकरच्या मॅग्नेटवरचं लेबल बघा, बहुतेक वेळा तिथे ओहम छापलेले असतात.