घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर आले

बी.कॉम. झाल्यानंतर साताऱ्यात एका कर सल्लागाराकडे काम करीत असताना मी यूआय-यूएक्स डिझाइन, म्हणजे अ‍ॅप आणि संकेतस्थळे वापरायला सोपी होतील अशी आखण्याचे काम, शिकायचे ठरवले आणि पुण्यातील एका संस्थेच्या मोफत वेबिनारला बसले. वेबिनार संपताच उघडलेल्या पानावर लाल घड्याळ उलटे धावत होते: शेवटच्या 3 जागा, सवलत फक्त 15 मिनिटे. शुल्क 65,000 रुपये, हप्ते बिनव्याजी आणि नोकरीची हमी असे वाचून मी घड्याळ शून्यावर येण्याआधीच पॅन आणि आधार क्रमांक भरून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तेच पान सहज उघडले, तर घड्याळ पुन्हा 15 मिनिटांवर आणि जागाही तीनच.

ते हप्ते संस्थेचे नव्हतेच. संमतीच्या चौकोनात आधीच खूण केलेली असल्यामुळे माझ्या नावावर एका वित्तसंस्थेचे कर्ज निघाले होते, संस्थेला सगळी रक्कम मिळून गेली होती आणि मी वर्ग सोडला तरी 18 हप्ते मलाच भरायचे होते. अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येते, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. मला तो कळला तेव्हा मुदत उलटून गेली होती.

शिकवणे म्हणजे जुने व्हिडिओ. त्यांत फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची साधनपट्टी वर दिसे, माझ्या पडद्यावर ती केव्हाच खाली गेलेली होती. वापरणाऱ्या माणसाशी बोलावे कसे, हे कोणी एकदाही शिकवले नाही. प्रकल्प म्हणून आम्हा सर्वांकडून जेवण मागवण्याचे एकच अ‍ॅप नव्याने आखून घेतले, त्यामुळे पहिल्याच मुलाखतीत समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "हे काम या आठवड्यात मी तिसऱ्यांदा पाहतो आहे." हमीचे विचारले, तेव्हा तिच्या अटी दाखवण्यात आल्या.

मग फिग्माची मोफत योजना आणि वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांची सोप्या मांडणीविषयीची 1994 मधील दहा तत्त्वे, जी इंटरनेटवर फुकट वाचता येतात, एवढ्यावर मी स्वतःच शिकू लागले. त्याच ओघात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 30 नोव्हेंबर 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे हाती आली. त्यांत ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे 13 प्रकार दिले असून पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. जे शिकण्यासाठी मी पैसे मोजले, त्याचीच काळी बाजू वापरून ते माझ्याकडून काढले गेले होते. संस्थेत डिझाइन जाणणारा एक तरी माणूस होता म्हणायचा!

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर, परतावा नसल्याची अट मी मान्य केली होती, असे उत्तर संस्थेने दिले. ती अट पानाच्या तळाशी पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत होती. मी तिची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (काँट्रास्ट) मोजला. वेब सुलभतेच्या निकषांनुसार साध्या मजकुराला तो किमान 4.5 : 1 लागतो, तिथे 2.3 : 1 होता. तो आकडा आणि दोन दिवसांच्या घड्याळांची छायाचित्रे तक्रारीला जोडली आहेत. 11 हप्ते अजून बाकी आहेत.