इवूड पार्कचे हंगामी तिकीट: पुण्याच्या मालकीच्या एका इंग्लिश क्लबचे परीक्षण

हॉटेल आवडले नाही तर माणूस दुसऱ्या हॉटेलात जातो आणि किराणा दुकानदाराने वजनात मारले तर पुढच्या महिन्याचे सामान दुसरीकडून भरतो. फुटबॉल क्लबच्या गिऱ्हाइकाला ही सोय नाही. त्याचे दुकान बहुधा त्याच्या आजोबांनी निवडलेले असते, आणि माल वर्षानुवर्षे खराब निघाला तरी तो त्याच रांगेत उभा राहतो. त्यामुळे ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या हंगामी तिकिटाचे परीक्षण लिहिताना एक अडचण सुरुवातीलाच मान्य करायला हवी. खुर्ची, खाणे, स्वच्छतागृहे आणि प्रवास यांना गुण देणे सोपे आहे. तिकिटाबरोबर जी व्यवस्थापनाची सेवा आपोआप गळ्यात पडते, तिला गुण देणे अवघड आहे.

मी मूळचा पुण्याचा, आता मँचेस्टरच्या उत्तरेला राहतो आणि काही हंगामांपासून इवूड पार्कवर, म्हणजे रोव्हर्सच्या मैदानावर, जातो. पुणे आणि इवूड पार्क एकाच वाक्यात येण्याचे कारण मराठी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘वेंकीज’ने, हा क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला आणि त्यावरचे सुमारे 2 कोटी पौंडांचे कर्जही पत्करले. शेजारच्या खुर्चीवरच्या वृद्ध गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मला गाव विचारले. मी पुणे म्हणालो, तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि मग मैदानाकडे पाहत हसले. त्या हसण्यात राग नव्हता, पण त्याचा अर्थ समजायला मला पंधरा वर्षांचा हिशेब वाचावा लागला.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. मँचेस्टरहून बोल्टन आणि डार्वेनमार्गे जाणारी गाडी थेट ब्लॅकबर्नला पोहोचते आणि तिथून बोल्टन रोडने साधारण अर्ध्या तासाच्या चालीवर मैदान आहे. क्लब 1890 पासून याच जागी खेळतो. प्रेक्षकक्षमता 31,367 आहे. जॅक वॉकर स्टँड आणि ब्लॅकबर्न एंड या दोन भागांतून मैदान स्वच्छ आणि जवळून दिसते, आणि पाऊस तिरका नसेल तर माणूस कोरडाही राहतो. नदीकडच्या रिव्हरसाइड स्टँडमध्ये छताचे खांब मध्ये येतात, म्हणून तिथले तिकीट घेताना खुर्चीचा क्रमांक नीट पाहून घ्यावा. मटण किंवा बटाटा भरलेला गरम ‘पाय’ (pie) मिळतो, त्याला गुण द्यायचे तर दहापैकी सहा. चहा मात्र आपल्या जिभेला कोमट पाण्यासारखा लागतो, पण तो दोष या मैदानाचा नसून या देशाचा आहे. कर्मचारी अदबीने वागतात आणि प्रत्यक्ष स्टेडियमविषयी माझी वैयक्तिक तक्रार काहीच नाही.

अडचण त्या खुर्च्यांमध्येच दिसू लागते. एकतीस हजारांच्या या मैदानात अलीकडच्या हंगामांत सरासरी चौदा ते सोळा हजार माणसे येतात. प्रीमियर लीगमधल्या, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतल्या, शेवटच्या हंगामात ही सरासरी बावीस हजारांच्या वर होती. या गावची लोकसंख्या आणि आसपास क्लबांची दाटी लक्षात घेतली तर तो आकडा मोठाच म्हणायला हवा. रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसणारे लोक कुठे गेले, याचे उत्तर कुठल्याही तिकीटखिडकीवर मिळत नाही.

हा क्लब 1875 मध्ये स्थापन झाला आणि 1888 मध्ये फुटबॉल लीग उभारणाऱ्या बारा क्लबांपैकी एक होता. याच गावात वाढलेल्या आणि पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जॅक वॉकर यांनी 1991 मध्ये तो ताब्यात घेतला, केनी डॅल्ग्लिश यांना मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, म्हणून आणले, आघाडीचा खेळाडू ॲलन शिअररला विकत घेतले, आणि 1994-95 मध्ये शेवटच्या दिवशी लिव्हरपूलकडून हरूनही रोव्हर्स प्रीमियर लीगचे विजेते ठरले. आजच्या भाषेत त्यालाही धनाढ्य मालकाने पैशाच्या जोरावर मिळवलेले यश म्हणता येईल, आणि ते म्हणणे चूक ठरणार नाही. तरी वॉकर यांचा पुतळा आज मैदानाबाहेर उभा आहे आणि लोक येता-जाता त्याच्यापाशी थांबतात, कारण वॉकर सामन्याला स्वतः यायचे, हरल्यावर त्यांचा पडलेला चेहरा सगळ्या गावाला दिसायचा. माझ्या मते या क्लबच्या पुढच्या सगळ्या कहाणीचे मूळ इथेच आहे. पैसा वॉकर यांच्यानंतरही आला, पण तो चेहरा पुन्हा दिसला नाही.

नव्या मालकांनी पैसा घातला नाही, असे त्यांचे कट्टर विरोधकसुद्धा म्हणू शकणार नाहीत. आजवर त्यांनी 20 कोटी पौंडांहून अधिक रक्कम या क्लबमध्ये ओतली आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत बहुतेक क्लबांचा पगारखर्च उत्पन्नाच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो, आणि मालकाने दरवर्षी तूट भरून काढली नाही तर कुलूप लागायला वेळ लागत नाही. बरी नावाचा इथूनच जवळचा क्लब 2019 मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला, हे इथल्या लोकांच्या चांगले लक्षात आहे. म्हणून ‘मालक चालते व्हा’ असा फलक धरणारा माणूसही दुसऱ्याच वाक्यात ‘पण मग पगार कोण देणार’ असे विचारतो. ही कोंडी समजल्याशिवाय या क्लबच्या चाहत्यांच्या निष्ठेविषयी बोलण्यात अर्थ नाही.

पैसा होता, मग बिघडले कुठे? पुणेकर म्हणून मला सर्वांत जास्त कोडे पडते ते इथे. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेला हा उद्योग भारतीय कुक्कुटपालनात आदर्श मानला जातो, कारण त्याने साखळीतली एकही कडी परक्याच्या हाती ठेवली नाही. जातिवंत पक्षी, उबवणी, खाद्य, लस, प्रक्रिया हे सगळे एका छताखाली आहे. अंड्यातून पिल्लू केव्हा बाहेर पडणार हे ज्यांना तासाच्या हिशेबाने ठाऊक असते, त्याच लोकांनी फुटबॉलमधली सर्वांत मोलाची कडी, म्हणजे कोणता मॅनेजर ठेवायचा आणि कोणता खेळाडू घ्यायचा हा निर्णय, बाहेरच्या सल्लागारांवर सोपवला.

खरेदीनंतर महिनाभरातच, 13 डिसेंबर 2010 रोजी, मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांना काढण्यात आले. त्या वेळी संघ तेराव्या स्थानावर होता, म्हणजे संकटात नव्हता. त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखालचे स्टीव्ह कीन आले. कीन ज्या एजंटचे अशील होते, त्याच एजंटच्या कंपनीचा सल्ला नव्या मालकांना मिळत होता. क्लबच्या जुन्या संचालकांनी, असे निर्णय आपल्याला विचारल्याशिवाय घेतले जात असल्याची तक्रार मालकांना लेखी कळवली. पुढे ते पत्र वृत्तपत्रांत फुटले. जॉन विल्यम्स आणि टॉम फिन हे काटकसरीने क्लब चालवणारे दोन जाणते कारभारी थोड्याच काळात बाहेर पडले. कोणत्याही जुन्या पेढीत नवा मालक आल्यावर पहिल्यांदा मुनीमजी जातात आणि मग खतावणीत काय लिहिले आहे हे कोणालाच वाचता येत नाही, तसे इथे झाले.

ब्राझीलचा नामांकित खेळाडू रोनाल्डिन्होला आणण्याची भाषा झाली, संघातले खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये कोंबडी खात असल्याची जाहिरात निघाली, ऑक्टोबर 2011 मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेला. दरम्यान संघाचा बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला होता आणि दुसरा बचावपटू ख्रिस सांबा पाठोपाठ रशियाला जाणार होता. 7 मे 2012 रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली, आणि त्याच संध्याकाळी रोव्हर्स 0-1 असे हरून अकरा हंगामांनंतर प्रीमियर लीगमधून खाली गेले. त्या कोंबडीचे छायाचित्र जगभर छापले गेले. मला त्याचे हसू येत नाही. वर्षभर आपले म्हणणे कोणी ऐकत नाही असे वाटल्यावर एका गावाने मालकांच्या भाषेत लिहिलेला तो अर्ज होता.

पदावनतीनंतरचा हंगाम व्यवस्थापनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात वाईट उदाहरण म्हणून शिकवावा असा होता. मॅनेजर हेनिंग बर्ग यांना 57 दिवसांत काढले, आणि करारातली भरपाई म्हणून न्यायालयाच्या मार्गाने त्यांना सुमारे 22 लाख 50 हजार पौंड द्यावे लागले. त्यानंतरचे मॅनेजर मायकेल ॲपल्टन 67 दिवस टिकले. एकाच क्लबमध्ये एक ‘जागतिक सल्लागार’ आणि एक व्यवस्थापकीय संचालक यांचे एकमेकांशी पटत नव्हते, आणि दोघांचेही वरिष्ठ हजारो मैलांवर बसले होते. वर्षाला तीन-साडेतीन कोटी पौंडांच्या वर तोटा होऊ लागला. दुसऱ्या श्रेणीतील आर्थिक शिस्तीचे नियम मोडल्याबद्दल डिसेंबर 2014 मध्ये खेळाडू घेण्यावर निर्बंध आले. वरच्या श्रेणीतून घसरलेल्या क्लबला आधार म्हणून मिळणारे प्रीमियर लीगचे पैसेही काही वर्षांत आटले. मे 2017 मध्ये ब्रेंटफर्डला 3-1 असे हरवूनही, गुण समान असताना केवळ गोलफरकावर (केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर) रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेले, आणि प्रीमियर लीग जिंकलेला कोणताही क्लब तोवर इतका खाली गेलेला नव्हता.

न्यायाने सांगायचे तर त्यानंतरची काही वर्षे बरी गेली. मॅनेजर टोनी मोब्रे यांना पाच वर्षांहून अधिक काळ काम करू दिले आणि त्यांनी एकाच हंगामात संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आणला. लोक मैदानावर परतले, आणि माझ्या शेजारचे गृहस्थही त्याच सुमारास परतल्याचे त्यांनीच सांगितले. स्थैर्य मिळाले की निष्ठा किती स्वस्तात परत येते हे पाहून मला आश्चर्य वाटले. विजेतेपद कोणी मागत नव्हते, पुढच्या वर्षी हाच माणूस इथे असेल एवढी खात्री त्यांना हवी होती.

पण कार्यालयीन ढिलाई गेली नाही. 2022 मध्ये लेनिहान आणि रॉथवेल यांच्यासारखे महत्त्वाचे खेळाडू करार संपल्यावर फुकट निघून गेले, पुढच्या वर्षी बेन ब्रेरेटन डियाझही गेला. ज्या श्रेणीत खेळाडू विकूनच हिशेब जुळवावा लागतो, तिथे हे म्हणजे उभे पीक शेतात वाळू देण्यासारखे आहे. जानेवारी 2023 च्या शेवटच्या दिवशी, खेळाडू घेण्याची मुदत संपताना, संघात येऊ घातलेल्या लुईस ओब्रायन याचे कागद वेळेत न पोहोचल्याने त्याचा करार बारगळला, आणि मे महिन्यात रोव्हर्स गोलफरकावर सातवे राहून प्लेऑफला, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या बाद फेरीला, मुकले. पुढच्याच हिवाळ्यात डंकन मॅग्वायर याच्या बाबतीत कागदपत्रांची चूक पुन्हा झाली. एकदा झाली तर ती कारकुनाची चूक म्हणता येते, दुसऱ्यांदा झाली की ती वरच्या खुर्चीची असते.

त्यातच भारतातल्या ईडीच्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली आणि तितक्याच रकमेची बँक हमी देण्याची अट पुढे आली. लँकेशायरमधल्या एका गावच्या संघाला बचावपटू घेता येईल की नाही, हे दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून राहू लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये स्वतःच्या युवा अकादमीत घडलेला ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला सुमारे 1 कोटी 80 लाख पौंडांना विकला गेला, त्या हंगामात लीगमध्ये 27 गोल करणारा सॅमी श्मोडिक्स उन्हाळ्यात इप्सविचला गेला, आणि वर्षभरात मॅनेजर जॉन यूस्टेस हे गुणतक्त्यात आपल्या खाली असलेल्या डर्बीला निघून गेले. मे 2025 मध्ये क्लबने महिला संघाला दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतले. या सगळ्या घटनांत मला सर्वांत लाजिरवाणी वाटते ती हीच, कारण तिथे वाचणारी रक्कम एका मधल्या फळीतल्या पुरुष खेळाडूच्या पगाराशी तोलून पाहावी अशी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये इप्सविचविरुद्ध रोव्हर्स 1-0 असे पुढे असताना मैदानात पाणी साचल्यामुळे ऐंशीव्या मिनिटाला सामना थांबला, आणि तो पहिल्यापासून पुन्हा खेळवण्याचा निर्णय झाला. पाऊस कोणाच्या हातात नसतो हे खरे, पण निचरा असतो.

आता गुण. बसण्याची सोय, दृश्य आणि कर्मचारी यांना दहापैकी आठ देतो. अकादमीला नऊ, कारण एवढ्या गोंधळातही तिथून खेळाडू घडत राहिले. मालकांच्या आर्थिक पाठबळाला सात, कारण पैसा आला आणि त्याने क्लब जिवंत ठेवला. संवादाला एक, तोही चाहत्यांच्या प्रतिनिधींच्या बैठकांना निदान क्लबचे अधिकारी येऊन बसतात म्हणून, मालक बसतात म्हणून नव्हे. तिकिटाचे दर दर हंगामाला बदलतात, ते क्लबकडून थेट विचारून घ्यावेत.

पुण्याहून किंवा मुंबईहून कोणी या भागात येणार असेल आणि प्रीमियर लीगच्या मैदानांची तिकिटे परवडत नसतील, तर ब्लॅकबर्न एंडमधली खुर्ची जरूर घ्यावी. शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी बर्नलीविरुद्धचा सामना मात्र पहिल्या भेटीसाठी टाळावा, तिथे बंदोबस्त फार असतो. गाव विचारले तर खरे सांगायला हरकत नाही, मला आजवर कोणी वावगा शब्द बोललेले नाही. माझे तिकीट मी पुढच्या हंगामासाठी पुन्हा घेतले आहे. शेजारच्या गृहस्थांनी अजून घेतलेले नाही. दरवर्षी ते उन्हाळाभर थांबतात, यंदा आपण नक्की घेणार नाही असे घरी सांगतात, आणि ऑगस्टमध्ये थर्मास घेऊन येऊन बसतात.