पिल्लू घरपोच, आई बेपत्ता: एका ऑनलाइन पिल्लूविक्री सेवेचे परीक्षण

संकेतस्थळावर कुत्र्याचे जातिवंत पिल्लू निवडायचे, पैसे हप्त्याने भरायचे आणि ठरलेल्या दिवशी ते दारात उतरवून घ्यायचे, अशी सोय देणाऱ्या सेवा आता अनेक झाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेची मागणी नोंदवण्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन, तिच्या अटी पूर्ण वाचून आणि तिच्या ग्राहक कक्षाशी बोलून हे परीक्षण लिहिले आहे. पिल्लू घेतले नाही. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे नोंदवलेल्या उणिवा तिच्या एकटीच्या नसून या व्यवसायाच्या घडणीतच आहेत.

संकेतस्थळ उत्तम बांधलेले आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. जात, रंग, लिंग आणि पूर्ण वाढीनंतरचे अपेक्षित वजन यांनुसार पिल्ले निवडता येतात, प्रत्येक पिल्लाची स्वच्छ प्रकाशातील छायाचित्रे आणि छोटी चित्रफीत आहे, लसीकरणाच्या आणि जंतनाशकाच्या तारखा दिलेल्या आहेत. मात्र पिल्लाला ज्या कुत्रीने जन्म दिला तिच्याविषयी त्या पानावर एक ओळही नाही: तिचे वय नाही, आरोग्य तपासणी नाही, आजवर ती किती वेळा व्याली याची नोंद नाही. पिल्लाच्या स्वभावाचे वर्णन मात्र ‘खेळकर आणि प्रेमळ’ असे आहे, आणि तेच शब्द इतर असंख्य पिल्लांपुढेही आहेत.

आईविषयीची ही शांतता किरकोळ नाही. पपी मिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पैदास केंद्रांचा सारा हिशेब मादीवर चालतो. कुत्री साधारणपणे सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणजे एखादा माज रिकामा जाऊ देणे हे केवळ नफ्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने नुकसान ठरते, आणि म्हणून विणीमागून वीण घेतली जाते. पिल्लू काही आठवड्यांत तिथून बाहेर पडते, धुऊन-पुसून छायाचित्रासाठी उभे केले जाते, तर आई मात्र किडलेल्या दातांसह, जटा झालेल्या केसांसह वर्षानुवर्षे त्याच पिंजऱ्यात राहते. त्या जागेची स्थिती कळायची असेल तर तिच्याकडे पाहावे लागते. पिल्लू पुष्कळदा ती लपवूनच येते.

ग्राहक कक्षाला आईविषयी विचारले असता अत्यंत सौजन्याने उत्तर मिळाले की, आमचे सर्व ब्रीडर सरकारी परवानाधारक आहेत आणि संसर्गाच्या भीतीमुळे आम्ही भेटीची परवानगी देत नाही. संसर्गाची भीती खोटी नाही; लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लांच्या खोलीत कोणालाही येऊ देऊ नये, हे योग्यच आहे. परंतु आईचे छायाचित्र, तिच्या मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा, क्रमांक किंवा पशुवैद्यकाचा अहवाल पाठवल्याने कोणता रोग पसरतो, याचे उत्तर पुन्हा विचारूनही मिळाले नाही.

राहिला परवाना. परवाना असणे आणि कुत्री नीट ठेवली जाणे यांत किती अंतर असू शकते, हे अमेरिकेच्या नियमांवरून स्पष्ट होते. तिथे १९६६ च्या प्राणी कल्याण कायद्याखाली ब्रीडरांना परवाना दिला जातो आणि ग्राहकाने प्रत्यक्ष न पाहता पिल्ले विकत घेण्याचे ऑनलाइन व्यवहारही २०१३ पासून त्याच्या कक्षेत आले. पैदाशीच्या चार किंवा त्याहून कमी माद्या असलेल्यांना सूट आहे. परंतु पिंजऱ्याचे किमान क्षेत्रफळ ठरवण्याचे सूत्र पाहावे: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत ६ इंच मिळवायचे आणि त्या संख्येचा वर्ग करायचा. २४ इंच लांबीच्या कुत्रीला या हिशेबाने अडीच फूट लांब व अडीच फूट रुंद, म्हणजे सव्वासहा चौरस फूट जागा पुरते. पाय आरपार जाणार नाही अशी असली की जाळीची जमीनही चालते. एका केंद्रात किती कुत्री असावीत किंवा एका मादीची किती बाळंतपणे व्हावीत, यावर या केंद्रीय कायद्यात मर्यादा नाही. तेव्हा ‘परवानाधारक’ या शब्दाचा अर्थ कोणत्या कायद्याखालील परवाना आहे यावर अवलंबून राहतो, आणि या सेवेने तो कुठेही सांगितलेला नाही.

याउलट काही नियमावल्यांनी थेट मादीलाच केंद्रस्थानी ठेवले आहे. इंग्लंडमधील २०१८ च्या नियमांनुसार १२ महिन्यांपेक्षा लहान मादीचे मीलन परवानाधारकाला करता येत नाही, १२ महिन्यांत एकापेक्षा अधिक विणी घेता येत नाहीत आणि आयुष्यभरात सहापेक्षा अधिक नाहीत. भारतातील २०१७ च्या नियमांत मादीचे किमान वय १८ महिने आणि आयुष्यातील विणींची मर्यादा पाच अशी आहे, शिवाय आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात प्रजननक्षम माद्यांच्या संख्येवरच मर्यादा आहे: १० पेक्षा जास्त ठेवायच्या तर विशेष मंजुरी लागते आणि तीही ५० पर्यंतच मिळते. या तिन्ही ठिकाणच्या कसोट्या लावायच्या म्हटल्या तरी या सेवेने दिलेल्या माहितीवरून, पिल्लाचे वय सोडल्यास, एकही कसोटी तपासता येत नाही.

सर्वांत मोठ्या अक्षरांत जाहिरात केलेली गोष्ट म्हणजे ‘आरोग्याची हमी’, आणि माझ्या मते तीच या सेवेची सर्वांत कच्ची बाजू आहे. संसर्गजन्य आजारासाठी हमी ७२ तासांची आहे. पार्व्हो या पिल्लांना होणाऱ्या घातक विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. म्हणजे केंद्रातून निघताना किंवा वाहतुकीत लागण झालेले पिल्लू हमी संपेपर्यंत हसतखेळत राहू शकते. आनुवंशिक दोषांची हमी एक वर्षाची आहे, तर खुब्याच्या सांध्याच्या सदोष वाढीबाबत मान्यताप्राप्त अंतिम प्रमाणपत्र कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय दिले जात नाही. हमी लागू झालीच तर उपाय एकच: आजारी पिल्लू परत करा आणि दुसरे घ्या. उपचाराचा खर्च मिळत नाही. घरात आलेल्या पिल्लाला कोणी सहसा परत पाठवत नाही, हे ही अट लिहिणाऱ्याला चांगले ठाऊक असावे.

वंशावळीच्या कागदांबाबत थोडक्यात इतकेच की, ते सामान्यतः ब्रीडरने कळवलेल्या आई-बापाच्या नोंदीवर आधारलेले असतात. त्यांवरून कूळ कळते, पिंजरा कळत नाही.

घरपोच पोहोचवण्याच्या व्यवस्थेत पेटीचा आकार, पाणी आणि विश्रांती यांविषयीच्या सूचना व्यवस्थित आहेत. अडचण वेगळी आहे. तीन ते बारा आठवडे हा पिल्लाने माणसे, आवाज आणि इतर कुत्री यांची ओळख करून घेण्याचा काळ असतो. त्यातील बराचसा भाग पिंजऱ्यात आणि उरलेल्याची सुरुवात वाहनात होत असेल, तर पुढे दिसणाऱ्या भित्रेपणाला नव्या मालकाची शिस्त जबाबदार धरली जाते.

कडक नियमांमुळे व्यापार लपून चालू लागतो, हा आक्षेप मी पूर्णपणे फेटाळत नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘लुसीज लॉ’ने सहा महिन्यांखालील पिल्लांची मध्यस्थांमार्फत व्यापारी विक्री बंद केली आणि पिल्लू त्याच्या जन्मस्थळी, आईसोबत दाखवणे बंधनकारक केले, तरीही भाड्याच्या घरात भलतीच कुत्री आई म्हणून बसवणारे विक्रेते असतात. पण फसवणाऱ्याला निदान एक आई शोधून आणावी लागते, आणि तिच्या स्तनांकडे व पिल्लांशी वागण्याकडे पाहून जाणकाराला संशय तरी घेता येतो. परीक्षणातील सेवेत तेवढीही संधी नाही.

पाचपैकी एक तारा देत आहे, तोही वापरसुलभतेसाठी. प्रत्येक पिल्लाच्या पानावर ब्रीडरचा परवाना क्रमांक, आईची मायक्रोचिप, तिचे वय आणि विणींची संख्या दिली, तर हा शेरा बदलण्यास मी तयार आहे. ज्यांनी अशा सेवेकडून पिल्लू आधीच मागवले आहे त्यांनी हमीची मुदत चालू असतानाच पशुवैद्यकाकडून लेखी तपासणी करून घ्यावी, पहिले दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे आणि चिपचा क्रमांक कागदांशी पडताळून पाहावा. तो जुळला नाही, तर विक्रेत्याला कळवण्याआधी सर्व कागदांच्या आणि संभाषणांच्या प्रती काढून त्या परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवाव्यात.