क्लॅमिडिया: आधी तपासणी की थेट औषध?

अंगावर पांढरे जाणे, लघवीला जळजळ, संबंधानंतर रक्त दिसणे किंवा ओटीपोटात दुखणे सुरू झाले की सांगली जिल्ह्यातील स्त्रीपुढे दोन मार्ग असतात: शासकीय रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांवर उपचार करणाऱ्या विभागात) जाऊन लक्षणांवरून दिले जाणारे औषध त्याच दिवशी घेणे, किंवा प्रयोगशाळेत क्लॅमिडियाची, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या या संसर्गाची, तपासणी करून मग उपचार सुरू करणे. मेडिकलमधून विचारून आणलेली बुरशीवरची गोळी हा तिसरा मार्ग मी मोजत नाही, कारण क्लॅमिडिया हा जिवाणू आहे आणि त्या गोळीने तो मरत नाही; तोवर संसर्ग वर सरकून गर्भनलिकांवर व्रण पडू शकतात, ज्यातून पुढे वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा उद्भवते.

सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार मोफत असतो. आतून तपासल्यावर गर्भपिशवीच्या तोंडाला सूज आढळली, तर करड्या रंगाच्या किटमधील अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम एकदाच घ्यावयाचे असते, आणि त्यात परम्यावरचा (गनोरियावरचा) उपचारही होऊन जातो. जत किंवा आटपाडीहून रोज बुडवून मिरजेला आलेल्या स्त्रीला अहवालासाठी पुन्हा येणे जमणार नसेल, तर हाच मार्ग मला योग्य वाटतो. त्याची उणीव मात्र मोठी आहे: क्लॅमिडिया झालेल्या बहुतांश स्त्रियांना कसलाच त्रास होत नाही, त्यामुळे त्या या व्यवस्थेपर्यंत पोहोचतच नाहीत.

जिवाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी नॅट तपासणी ही उणीव भरून काढते. तिच्यासाठी योनिमार्गातील स्रावाचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. स्त्रियांमध्ये लघवीच्या नमुन्यापेक्षा तो अधिक भरवशाचा ठरतो. खर्च आणि अहवालाची वाट पाहणे आलेच, तरीही जोडीदाराला संसर्ग निघाला असेल, मूल राहत नसेल किंवा तांबी बसवायची असून संसर्गाची शंका असेल, तर लक्षणे नसतानाही तपासणीच निवडावी.

संसर्ग निश्चित झाल्यावर डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, ही पहिली पसंती आहे. एका डोसचे अझिथ्रोमायसिन सोयीचे असले तरी काहीसे कमी प्रभावी आहे. गर्भवतीला मात्र डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, तिच्यासाठी अझिथ्रोमायसिनच योग्य. ओटीपोटात दुखत असेल तर हे दोन्ही पर्याय अपुरे पडतात. तेव्हा डॉक्टर अनेक औषधे मिळून चौदा दिवसांचा उपचार देतात.

कोणताही मार्ग घेतला तरी नवऱ्याचा उपचार झाला नाही तर संसर्ग परत येतो, आणि बाईनेच एकटीने गोळ्या घेण्याची आपल्याकडची रीत इथे फार महाग पडते. दोघांचा उपचार सोबत व्हावा, एका डोसनंतर सात दिवस किंवा सात दिवसांचे औषध पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत, पुढे निरोध वापरावा, आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.